न पाहिलेल्या फिल्मचं आत्मचिंतन

१

सोमवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी प्रेत गायब झाल्याचं उघडकीला आलं, तेव्हा ते प्रेत स्वतः एडिटिंग लॅबच्या दारात उभं राहून वडापाव खात होतं.

प्रेताचं नाव मुंजाबा. गाव शेंद्रा, माध्यम विभागाचं दुसरं वर्ष. शनिवारी तो स्वतःच्याच चुलत्याच्या शेतात चार तास मेलेला होता, आणि त्याचं हे मरण त्याच्या गटानं कॅमेऱ्यात घेतलं होतं. थरारपटाची पहिली दोन मिनिटं बनवायची, असा प्रकल्प होता. पुढचा सिनेमा कोणी मागितला नव्हता. खून कोणी केला हे जाणून घेण्यात विभागाला रस नव्हता. फक्त सुरुवात हवी होती, तिला चाळीस गुण होते.

गट चौघांचा. दिग्दर्शक शिवराज, कॅमेऱ्यावर हारिस, जमिनीवर मुंजाबा आणि एडिटिंगला सुकेशनी. सुकेशनीनं चित्रीकरणाचं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि पडद्याकडे बघत राहिली. मग कार्ड काढून, फुंकर मारून परत लावलं. भारतात कुठलंही यंत्र दुरुस्त करायची ही पहिली पायरी आहे. दुसऱ्या पायरीला तिनं लॅबचे शिपाई पुंजाराम यांना हाक मारली. पुंजाराम मामांनीही फुंकर मारून बघितली.

कार्ड रिकामं होतं. प्रेत नाही, शेत नाही, एक ढेकूळसुद्धा नाही.

विभागप्रमुख डॉ. रामेश्वर सर आले आणि त्यांनी दहा मिनिटांत तपास पूर्ण केला. कार्ड शेवटी सुकेशनीकडे होतं. तिनं कॉपी करायच्या ऐवजी भलतंच बटण दाबून सगळं पुसलं. साडेअकराला फलकावर सूचना लागली. शहराचं नाव बदलल्यापासून जुन्या लेटरहेडचे गठ्ठे पडून होते, त्यातल्याच एका कागदाच्या पाठीवर ती छापलेली होती. ‘कु. सुकेशनी हिच्या निष्काळजीपणामुळे गट क्रमांक तीनचे चित्रीकरण नष्ट झाले आहे. तिने मंगळवारी दुपारी चारपर्यंत लेखी खुलासा द्यावा. तो असमाधानकारक आढळल्यास सत्र मंजूर केले जाणार नाही.’

सत्र मंजूर नाही म्हणजे परीक्षा नाही. परीक्षा नाही म्हणजे सरकारी वसतिगृहातली खाट दुसऱ्या मुलीला. मग कन्नडच्या पुढच्या गावाला परत, जिथं एडिट करण्यासारखं लग्नाच्या व्हिडिओंपलीकडे काही नव्हतं आणि तेही कन्नडचा फोटोवालाच करायचा. हे सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही होतं. तीन जानेवारीला मुलींच्या शिक्षणावर त्यांनी पाऊण तास भाषण केलं होतं.

सूचनेभोवती गर्दी झाली. काहींनी मोबाईलवर फोटो काढले. सुकेशनी सूचना दोनदा वाचून लॅबमध्ये परतली आणि एडिटिंग शिकवणाऱ्या रत्नमाला मॅडमसमोर उभी राहिली.

“मॅडम, मी काही दाबलंच नाही,” ती म्हणाली. “दाबायला काही दिसलंच नाही.”

२

रत्नमाला मॅडम विभागात अकरा वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. दरवर्षी जूनअखेर त्यांची नोकरी संपायची आणि रामेश्वर सरांच्या सहीनं जुलैत पुन्हा सुरू व्हायची. त्याआधी पुण्यात मालिकांच्या एडिटिंगमध्ये त्यांची आठ वर्षं गेली होती. तिथं नायिकेनं डाव्या हातात धरलेला पेला पुढच्या शॉटमध्ये उजव्या हातात गेला की तो शोधायचं काम त्यांचं. त्या सवयीमुळे नातेवाईक त्यांना लग्नाचे अल्बम दाखवायला बिचकत.

त्यांनी सुकेशनीला बसायला सांगितलं आणि पुसलेल्या गोष्टी परत काढणारं सॉफ्टवेअर कार्डावर लावलं. पन्नास मिनिटं लागली. सुकेशनी तेवढा वेळ हिरव्या पट्टीकडे बघत होती, ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेली माणसं लाल दिव्याकडे बघतात तशी.

पट्टी संपली. सापडलेल्या फाइली : शून्य.

सुकेशनीचा चेहरा पडला. मॅडमचा उजळला.

पाटी पुसली तरी खडूचा धूसर माग राहतो. कार्डाचंही तसंच आहे. वरवर पुसलं तरी खाली काहीतरी उरतं. विभागाची कार्डं तर तीन वर्षं वापरून झिजलेली होती, त्यांच्यावर मागच्या तीन स्नेहसंमेलनांचे थर होते. या कार्डावर काहीच नव्हतं. हे पाकिटातून काढलेलं कोरं कार्ड होतं. ज्याच्यावर कधी काही लिहिलंच गेलं नाही, त्यावरचं सुकेशनी पुसणार काय? कार्ड कोणीतरी बदललं होतं.

मॅडम हे सांगायला सरांच्या केबिनमध्ये गेल्या. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि लगेच नवा निष्कर्ष काढला. मुलीनं खरं कार्ड हरवलं असणार आणि घाबरून नवं आणून ठेवलं असणार. यातही सगळं बसत होतं. सरांच्या निष्कर्षांत सगळं नेहमीच बसायचं.

मॅडमनी उद्या चारपर्यंतची मुदत मागितली. ती सूचनेत आहेच, असं सर म्हणाले. मग फाइल चाळता चाळता त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षीच्या नेमणुकीसाठी मॅडमचा अर्ज आला आहे का. त्यांना तो दिसला नाही म्हणे.

अर्ज त्यांच्या हाताखालीच होता.

३

आधी कार्डाचा प्रवास. तो सुकेशनीनंच सांगितला आणि बाकीच्या तिघांनी खरा असल्याचं मान्य केलं.

शनिवारी दुपारी शेंद्र्याला शूटिंग. संध्याकाळी कॅमेऱ्याची बॅग, कार्डासकट, हारिसच्या घरी शहागंजला. रविवारी सकाळी अकरा वाजता हारिसनं ती शिवराजच्या घरी पोचवली, कारण तिथं आवाजाचं रेकॉर्डिंग होतं. दिवसभर बॅग तिथंच. मुंजाबाही तिथंच. संध्याकाळी शिवराज आणि मुंजाबानं कार्ड डबीत घालून वसतिगृहाच्या फाटकावर सुकेशनीला दिलं. कॉम्प्युटर नसल्यानं ते तिनं सोमवारीच लॅबमध्ये लावलं. मधल्या काळात कोणी चित्रीकरण पाहिलं का, या प्रश्नावर तिघांचं उत्तर एकच होतं. कोणीच नाही.

म्हणजे तिघांपैकी एक खोटं बोलत होता.

शिवराजला मॅडमनी कँटीनमध्ये गाठलं. त्याच्या वडिलांची दोन मंगल कार्यालयं आणि एक पेट्रोल पंप होता, आणि शनिवारपासून आपली कला कोणाला कळत नाही असा चेहरा त्यानं ठेवला होता. फिल्म फसली असती हे त्यानं स्वतःहून कबूल केलं. मेंढरं मध्येच प्रेताजवळ येऊन थांबली, उन्हानं सगळा थरार वितळला. त्याला ड्रोन घेऊन पुन्हा शूटिंग करायचं होतं. सरांनी परवानगी दिली नव्हती.

“म्हणजे फुटेज गेलं तर तुझं भलंच,” मॅडम म्हणाल्या.

शिवराजनं चहाचा कप खाली ठेवला. “मॅडम, मला पुन्हा शूटिंग पाहिजे असतं तर मी पप्पांना सांगून सरांना फोन लावला असता. कार्ड कशाला चोरू?”

उत्तर उद्धट होतं. पटण्यासारखंही होतं.

मुंजाबा लॅबच्या पायरीवर सापडला. घरची मेंढरं, थोडी जमीन, आणि तो स्वतः शेंद्र्याच्या एका कंपनीत कंत्राटावर दुसऱ्या पाळीला. त्यानं आधी शूटिंगचंच रामायण सांगितलं. मुहूर्ताला रामेश्वर सर जातीनं आले होते. नारळ फुटला, तिवईला हळदकुंकू, क्लॅपला हळदकुंकू, कॅमेऱ्याला हळदकुंकू, आणि उरलेलं मुंजाबाच्या कपाळाला. विभागाच्या वार्षिक अहवालासाठी सरांनी मुहूर्ताचंही चित्रीकरण करायला लावलं, कॅमेरा तेव्हापासूनच चालू. मुहूर्त बघायला आलेली वर्गातली पोरं मोबाईल वर धरून उभी. मग मुंजाबा मरायला आडवा झाला, तर शिवराज खेकसला की मुडदा नवरदेवासारखा दिसतोय, आणि त्यानं रुमालानं त्याचं कपाळ खसाखसा पुसलं. सर बाजूला बसून हसत होते. जीप उशिरा आली म्हणून ते पहिले तीन शॉट होईपर्यंत थांबले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर उन्हात काही दिसत नव्हतं. हारिस अंदाजानंच घेत होता.

“तुला ही फिल्म लोकांनी बघायला हवी होती का?” मॅडमनी मध्येच विचारलं.

मुंजाबा पायरीवरची माती नखानं उकरू लागला.

“नाय,” तो म्हणाला. “शनिवारी मी कंपनीत आजारी होतो, मॅडम. ताप आलाय म्हून सांगितलं व्हतं. आन ही पोरं म्हणाली, फिल्म नेटवर टाकायची. आमचा सुपरवायजर दिवसभर मोबाईलच बघतो.”

४

सोमवारचे पाच वाजले तेव्हा मॅडमकडे एक संशयित होता, त्याला कारण होतं आणि संधीही. मुंजाबानं कार्ड बदललं असतं तर सगळं सरळ होतं. अडचण एकच होती. नवं कार्ड आणून गुपचूप अदलाबदल कोण करेल? ज्याला पुसायचं बटण माहीत नाही तो, किंवा ज्याला पुसायचंच नाही तो. मुंजाबाला माहीत होतं. मागच्या सत्रात त्यानं चुकून एका प्राध्यापकांचं पूर्ण व्याख्यान पुसलं होतं, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. फिल्म नको असती तर त्यानं पुसून टाकली असती. कार्ड ज्यानं नेलं, त्याला ते चित्रीकरण नष्ट करायचं नव्हतं. त्याला ते जपायचं होतं, फक्त कोणाला दिसू द्यायचं नव्हतं.

हारिसशी बोलणं सर्वांत थोडक्यात झालं होतं. त्याच्या वडिलांचा शहागंजला लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ. पोरगा शांत, हात स्थिर, वर्गात कॅमेरा त्याच्याइतका कोणाला येत नव्हता. फिल्म गेल्यानं सर्वांत जास्त नुकसान त्याचंच. त्यानं सगळ्या प्रश्नांना नीट उत्तरं दिली आणि जाताना एक प्रश्न विचारला, सुकेशनीचं सत्र खरंच जाईल का. मॅडम हो म्हणाल्या. तो दारात जरा थांबला आणि गेला.

संध्याकाळी वसतिगृहातून सुकेशनीचा फोन आला. वॉर्डनबाईंपर्यंत सूचनेचा फोटो पोचला होता आणि त्यांनी सामान आवरून ठेवायला सांगितलं होतं, म्हणजे ऐनवेळी धावपळ नको.

मॅडमकडे आता फक्त कागद उरले होते.

कागद म्हणजे आत्मचिंतन अहवाल. प्रकल्प केला की प्रत्येकानं स्वतःच्या कामाविषयी चिंतन लिहायचं, असा नियम होता. यंदा तपासणी समिती येणार होती, तिला भरलेल्या फाइली लागणार होत्या, म्हणून सरांनी चिंतनाची मुदत फिल्मच्या आधी ठेवली. रविवारी रात्री बारापर्यंत सगळ्यांनी ऑनलाइन अर्जात चिंतन जमा करायचं. फिल्म अजून कोणी जोडलेली नव्हती, बघितलेली नव्हती. चिंतन मात्र तयार होतं. विभागात कोणाला यात वावगं वाटलं नाही.

मॅडमनी मंगळवारी सकाळी फाइलीतून गट तीनच्या चार अहवालांच्या छापील प्रती काढल्या. शेवटचा प्रश्न सगळ्यांना सारखाच होता. ‘पुढच्या वेळी काय वेगळं कराल?’

शिवराजनं रविवारी रात्री अकरा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लिहिलं होतं, ‘पुढच्या वेळी वेळेचे नियोजन आणि सांघिक भावना यावर अधिक भर देईन.’ हे वाक्य गेली चार वर्षं विभागात वारसाहक्कानं चालत आलेलं होतं.

मुंजाबानं रविवारी दुपारी लिहिलं होतं, ‘मृतदेहाची भूमिका करताना मला जीवनाचे महत्त्व कळाले. पुढच्या वेळी वेळेचे नियोजन करीन.’

सुकेशनीचा रकाना जवळजवळ कोरा होता. ‘फुटेज अजून पाहिलेलं नाही. पाहिल्यावर लिहीन.’ सरांनी त्याखाली लाल शाईनं ‘अपूर्ण’ असा शेरा मारला होता.

हारिसनं रविवारी सकाळी सव्वानऊला लिहिलं होतं. वेळेचं नियोजन, सांघिक भावना. मग एक ओळ जास्तीची. ‘पुढच्या वेळी पहिल्या शॉटच्या आधी लेन्स स्वतः पुसून घेईन, कोणी काही म्हणालं तरी.’

मॅडम ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. चारही अहवालांत ‘पुढच्या वेळी’नं सुरू होणारं हे एकच वाक्य असं होतं, जे कोणाकडून उतरवलेलं नव्हतं.

लेन्स घाण होती हे उन्हात, त्या छोट्या पडद्यावर कळणं शक्य नव्हतं. ते मोठ्या पडद्यावर चित्रीकरण बघितल्यावरच कळतं. आणि सव्वानऊला बॅग अजून शहागंजलाच होती.

चोर कोण, हे कळलं होतं. पण ‘कोणी काही म्हणालं तरी’ म्हणजे काय? लेन्स पुसायला कोण काय म्हणणार होतं? मॅडमनी खुर्चीला टेकून डोळे मिटले आणि मुंजाबानं सांगितलेला मुहूर्त पहिल्यापासून शॉट शॉट करून मनात लावला. नारळ. तिवई. क्लॅप. कॅमेरा. कपाळ.

त्या उठल्या तेव्हा दीड वाजला होता. पुंजाराम मामांनी विचारलं, जेवायला का? मॅडमनी स्कूटीची किल्ली उचलली आणि शहागंज म्हणाल्या.

५

स्टुडिओ दोन कापडदुकानांच्या मधल्या जिन्यावर होता. हारिसचे वडील मुबारकभाई काउंटरमागे एका वलीम्याचा, म्हणजे लग्नाच्या दावतीचा, व्हिडिओ जोडत होते. पडद्यावर दोनशे माणसं एकाच वेळी बिर्याणी खात होती.

“आओ मॅडम, बैठो,” ते म्हणाले. “लडका उप्पर है. दो दिन से खाना बराबर नै खारा. कुछ किया क्या उनें?”

मॅडम म्हणाल्या, प्रोजेक्टचं थोडं बोलायचं आहे. मुबारकभाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, पडद्यावरची बिर्याणी थांबवली, आणि चहा सांगायला म्हणून स्वतःच खाली उतरले. चहा फोनवरही सांगता आला असता.

हारिस वर कॉम्प्युटरपाशी बसला होता. मॅडमना बघून उठला नाही. विद्यार्थी म्हणून ही पहिली चूक, आणि तीच त्याची कबुली.

मॅडमनी अहवालाचा कागद त्याच्यासमोर ठेवला आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. कोणीच फुटेज पाहिलं नाही असं तुम्ही तिघंही सांगता, मग लेन्सवर काही होतं हे तुला रविवारी सकाळी कसं कळलं, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, शूटिंगच्या वेळी डोळ्यांनी दिसलं होतं.

“दिसलं होतं, तर पुसलं का नाहीस?”

खालून रिक्षांचे हॉर्न येत होते.

“कुंकू होतं ना?” मॅडमनी हळू विचारलं.

हारिसनं खण उघडला. आतून कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डबीत, रुमालात गुंडाळून, जपून ठेवलेलं.

मग तो बोलला. सरांनी कॅमेऱ्याला कुंकू लावताना अंगठा थेट काचेवर टेकवला होता. दोन मिनिटांनी सर जातील, मग पुसू, असं त्याला वाटलं. सर गेले नाहीत. खुर्ची मागवून समोर बसले. पहिला शॉट झाला, दुसरा, तिसरा. सर गेल्यावर त्यानं बाहीनं काच पुसली, पण कुंकू ओलं होतं, ते पसरलं असणार. रात्री घरच्या मोठ्या पडद्यावर बघितलं तर सगळं शेत गुलाबी. आणि बरोब्बर मुंजाबाच्या तोंडावर एक लाल ढग.

“शिवराजनं मुंजाबाचं कपाळ पुसलंच की सगळ्यांसमोर,” मॅडम म्हणाल्या. म्हणता म्हणताच त्यांना आपलं वाक्य चुकल्याचं कळलं.

“शिवराजनं पुसलं, मॅडम.” हारिस त्यांच्याकडे बघत म्हणाला. “पंधरा जण मोबाईल लावून उभे होते. मी सरांच्या समोर, पूजा झाल्या झाल्या, कपडा घेऊन कुंकू पुसतोय. तो व्हिडिओ संध्याकाळपर्यंत कुठं गेला असता? खाली अब्बूचं दुकान आहे. बोर्डावर नाव आहे.”

सर काही म्हणाले नसते, असं मॅडम म्हणू शकल्या असत्या. बहुधा म्हणालेही नसते. पण बहुधा या शब्दावर दुकान चालत नाही.

त्याचा बेत साधा होता. कोरं कार्ड ठेवलं की सगळे म्हणतील कार्ड खराब झालं, पुन्हा शूटिंग होईल, आणि लेन्स का पुसली नाही हे कोणी विचारणार नाही. खरं कार्ड फेकायला हात झाला नाही, कारण गुलाबी का होईना, ते त्यानं घेतलेलं काम होतं. सर सुकेशनीच्या नावानं सूचना लावतील, हे त्याच्या हिशोबात नव्हतं.

“सोमवारी साडेअकराला कळलं होतं ना?” मॅडम म्हणाल्या. “आज मंगळवार आहे. तिच्या वॉर्डननं तिला सामान बांधायला लावलंय.”

चार वाजता केबिनमध्ये या कार्डाचं बोलणं होणारच, मॅडमनी सांगितलं. ते त्या करतील किंवा तो करेल. त्यांनी कार्ड तिथंच ठेवलं आणि त्या जिना उतरल्या. खाली मुबारकभाई तीन कप घेऊन पहिल्याच पायरीवर बसले होते. चहावर साय धरली होती.

स्कूटी सुरू करताना मॅडमना वाटलं, कार्ड परत त्याच्या हातात ठेवून आपण मोठा मूर्खपणा केला आहे.

६

चारला दहा कमी असताना सुकेशनी केबिनमध्ये उभी होती. बसायला कोणी सांगितलं नव्हतं. सरांच्या टेबलावर सत्रमंजुरीची यादी होती, चाळीस नावं, एकोणचाळीस सह्या. यादी पाचच्या आत परीक्षा विभागात जायची होती.

सरांनी खुलासा मागितला. आपण काही केलेलं नाही, त्यामुळे खुलासा नाही, असं सुकेशनी म्हणाली. सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे. चार वाजले. चार वाजून तीन मिनिटं झाली. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि चाळिसाव्या नावासमोर पेन नेलं.

“थांबा सर,” मॅडम म्हणाल्या. पुढं काय बोलायचं ते त्यांनी ठरवलेलं नव्हतं.

तेव्हा दार वाजलं. हारिस आत आला. धावत आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता. त्यानं कोणाकडे न बघता कार्ड सरांच्या टेबलावर ठेवलं आणि आपणच ते बदललं असं सांगितलं. एका दमात, पाठ केल्यासारखं.

सर उभे राहिले. चोरी, फसवणूक, विभागाची मालमत्ता, असे शब्द ओळीनं येऊ लागले. त्यांचा तिसरा निष्कर्ष तयार होत होता, आणि मॅडमना दिसत होतं की तो आधीच्या दोन्हींपेक्षा भयंकर असणार. त्यांनी कार्ड उचलून सरांच्याच कॉम्प्युटरला लावलं आणि पहिला शॉट सुरू केला.

पडद्यावर शेत आलं. नारळ फुटल्याचा आवाज. मग एक हात, अनामिकेत पोवळ्याची अंगठी, आणि ओळखीचा, भाषणाचा सराव असलेला आवाज. “डोळ्यालाच लावायचं असतं रे. यंत्राचा देव त्याच्या डोळ्यात असतो.” अंगठा मोठा होत होत आला आणि सगळा पडदा लाल झाला. पुढचा शॉट लाल. त्याच्या पुढचाही. मुंजाबा कुठंतरी त्या लालीमागे मरून पडलेला होता, आणि मेंढरं लाल होती.

सरांनी हात टेबलाखाली घेतला.

“पुसायचं होतं मग,” ते म्हणाले.

“मी, सर?” हारिसनं विचारलं.

केबिनमध्ये पंखा फिरत होता. अकरा वर्षांत मॅडमनी सरांना निष्कर्षाविना पहिल्यांदाच बघितलं. ते खाली बसले.

नंतर ते मऊ आवाजात बोलले. झालं ते झालं. कार्डात तांत्रिक बिघाड होता असं एक निवेदन करू, चौघांनी सह्या करायच्या, पुन्हा शूटिंगला परवानगी, सत्र सगळ्यांचं मंजूर. सूचना आत्ताच्या आत्ता काढून टाकू. विषय विभागाबाहेर जायला नको. हे सगळ्यांच्याच भल्याचं आहे, असं म्हणताना त्यांनी हारिसकडे बघितलं, आणि ते त्या क्षणी खरंही होतं.

हारिसनं मान हलवली. सरांनी निवेदनाच्या चार ओळी लिहून कागद सुकेशनीपुढं सरकवला.

सुकेशनीनं तो घेतला नाही. ती हारिसकडे वळली.

“तू घाबरला, ते मला कळतं. लई चांगलं कळतं,” ती म्हणाली. “पण तुझी भीती तू माझ्या अंगावर टाकली. दोन दिवस मी फलकावर होते, आन तू बघत होता.”

हारिस म्हणाला, सॉरी. ती म्हणाली, त्याच्याशी नंतर बोलेन, वेळ लागेल. मग सरांकडे वळून ती म्हणाली की सूचना काढून भागणार नाही. ती सगळ्यांनी वाचलीय, तिचे फोटो गेलेत, वॉर्डनबाईंकडे एक आहे, गावात एक पोचलाय. दुसरी सूचना लावा. सुकेशनीचा दोष नव्हता, अशी.

सर म्हणाले, तसं लिहिलं की लोक विचारणार, मग दोष कुणाचा. या पोराचं नाव लिहायचं का? त्याचं काय होईल, विचार केलास?

“हारिसचं नाव यायला नको,” सुकेशनी म्हणाली.

“मग कुणाचं?”

सुकेशनी अजून लाल असलेल्या पडद्याकडे बघत राहिली. मॅडमही. घड्याळात साडेचार वाजत आले होते. यादीवर चाळिसावी सही नव्हती, निवेदनावर सुकेशनीची सही नव्हती, आणि परीक्षा विभागाचा शिपाई बाहेर दोनदा खोकून गेला होता. सरांनी एकदा मॅडमकडे बघितलं. तिथून काही मिळेल असं वाटलं नाही.

मग त्यांनी यादी पुढं ओढली आणि चाळिसाव्या नावासमोर सही केली. सही झाल्यावर सुकेशनीकडे बघितलं. ती जागची हलली नाही. सरांनी खणातून एक कोरा कागद काढला, पाठपोट बघितला, समोर ठेवला.

“काय लिहायचं?” त्यांनी विचारलं.

सुकेशनी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली.

“लिहा,” ती म्हणाली. “गट क्रमांक तीनचं चित्रीकरण, मुहूर्ताच्या वेळी, विभागप्रमुखांच्या हातून...”

पेन थांबलं. तिनं घाई केली नाही.

“झालं लिहून?” थोड्या वेळानं तिनं विचारलं. “पुढं सांगते.”